इंग्रजी धावते, मराठी चालते

‘रन’ हे क्रियापद इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच भेटते. पुस्तकात धावणाऱ्या मुलाचे किंवा कुत्र्याचे चित्र असते, शेजारी तीन अक्षरे असतात आणि बाई सांगतात, रन म्हणजे धावणे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांना या तीन अक्षरांचा उलगडा करायला नऊ महिने लागले. २०११ मध्ये ते काम उजेडात आले तेव्हा एकट्या क्रियापदाच्या नोंदीत ६४५ अर्थ होते. नाम म्हणून येणारा ‘रन’ वेगळा.

त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ मध्ये २० खंडांत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ दिलेले होते आणि तीच कोशातली सर्वांत लांब नोंद होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने लिहायला घेतल्यावर आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’ आणि शेवटी ‘रन’. हे सगळे शब्द आखूड आणि जुने आहेत, घरादारात रोज वापरले जातात. जॉर्ज झिप्फ या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ मध्ये आकडेवारीतून दाखवून दिले होते की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. सॅम्युअल जॉन्सन यांना हे दोनशे वर्षे आधी अनुभवाने कळले होते. १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी अर्थाची मोट बांधता येत नाही अशा क्रियापदांची यादीच दिली आहे. तीत गिव्ह, पुट, सेट, टेक यांच्याबरोबर ‘रन’ही आहे. विद्यार्थी अवघड शब्द म्हणून लांबलचक लॅटिन शब्द पाठ करतात. कोशकाराची दमछाक होते ती या आखूड शब्दांपाशी.

६४५ अर्थ म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यायला हवे. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादकपद घेतल्यावर वाचकांना आवाहन केले, की वाचताना एखाद्या शब्दाचा लक्षणीय वापर दिसला तर ते वाक्य ग्रंथाच्या नावासह आणि सालासह कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून पाठवा. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. संपादक एका शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडतो आणि सारख्या वाटणाऱ्या एकत्र ठेवत जातो. एका ढिगासाठी लिहिलेली व्याख्या पुढच्या चिठ्ठीला लागू पडेनाशी झाली की नवा ढीग, म्हणजेच नवा अर्थ. आता हे काम संगणकावर होते, पण पद्धत तीच आहे. म्हणून ६४५ हा आकडा निसर्गात सापडलेला नाही. तो त्या संपादकाच्या बारीक नजरेचा आहे. परभाषक विद्यार्थ्यांसाठीचा कोश याच शब्दाचे काही डझन अर्थ देऊन थांबतो आणि तोही चुकत नाही.

आता या शब्दाच्या मुळाकडे जाऊ. पहिलीच्या पुस्तकातले चित्र तिथे अपुरे पडते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ माणसाने किंवा जनावराने धावणे असा होता, तसाच पाण्याने वाहणे असाही होता. शिवाय जर्मानिक भाषांत दोन जुळी क्रियापदे होती. एक आपण होऊन धावण्याचे किंवा वाहण्याचे, दुसरे दुसऱ्याला धावायला लावण्याचे. इंग्रजीत ही दोन्ही एकमेकांत मिसळली आणि ‘रन’ उरला. जर्मनने वेगळी वाटणी केली. तिथे पाणी वाहते ते ‘रिनेन’ आणि माणूस धावतो ते ‘रेनेन’. म्हणजे इंग्रजीत नदी ‘रन’ होते, ही कुणा कवीने केलेली उपमा नव्हे. नदीचा त्या शब्दावर पहिल्यापासून हक्क आहे.

एवढे कळले की अर्थांचा एक मोठा गट आपोआप जागेवर बसतो. सर्दीत नाक ‘रन’ होते, मेणबत्तीचे मेण ‘रन’ होते, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो, नळ सोडून टब भरणे म्हणजे आंघोळीचे पाणी ‘रन’ करणे. मराठीत नाक वाहते किंवा गळते, मेण ओघळते, रंग जातो, पाणी सोडतात. इंग्रजी एका शब्दावर भागवते तिथे आपण चार-पाच क्रियापदे खर्ची घालतो. चीज करताना दुधाच्या गुठळ्या व्हाव्यात म्हणून वासराच्या जठरातून काढलेला जो पदार्थ घालतात, त्याचे ‘रेनेट’ हे नावही याच कुळातले. पातळ पदार्थ वाहत येऊन एकत्र बसणे, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई जुलै १८६१ मध्ये व्हर्जिनियात झाली, तिला ‘बुल रन’ची लढाई म्हणतात. नाव वाचून बैल उधळल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते, पण ‘बुल रन’ हा एक ओढा आहे. त्या भागात लहान ओढ्याला ‘रन’ म्हणतात.

धावणे आणि पाणी यांची ही सोयरीक आपल्याकडेही आहे. पाणिनीय धातुपाठात ‘धाव्’ या धातूला दोन अर्थ दिले आहेत, गती आणि शुद्धी. ‘धाव’ आपल्या रोजच्या बोलण्यात राहिली आणि शुद्धीचा अर्थ ‘दंतधावन’ या शब्दात टिकला. लहानपणी हा शब्द ऐकून दातांचा आणि धावण्याचा काय संबंध, असा प्रश्न पडलेल्यांना त्याचे उत्तर या धातुपाठात मिळेल.

पण नाक, नदी, मेण आणि रंग मिळून ६४५ चा आकडा भरत नाही. शब्द खरा फुगला तो यंत्रयुगात. गिरणी, माग, घड्याळ, वाफेचे इंजिन यांची हालचाल सांगायला इंग्रजीने नवा शब्द घडवला नाही, ‘रन’लाच कामाला लावले. आगगाड्या ‘रन’ होऊ लागल्या, वेळापत्रके ‘रन’ होऊ लागली. यंत्र ‘रन’ करता येते तर कारखानाही करता येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत धंदा चालवणे या अर्थाने हा शब्द रुळला आणि पुढे हॉटेल, शाळा, वर्तमानपत्र, सरकार सगळेच ‘रन’ होऊ लागले. विसाव्या शतकात संगणक आला. प्रोग्रॅमसाठी पुन्हा तोच शब्द.

मला या शब्दात सर्वांत जास्त रस आहे तो इथे. या नव्या अर्थांना मराठी प्रतिशब्द शोधायला गेले की ‘धावणे’ जवळजवळ कुठेच उपयोगी पडत नाही. गिरणी चालते. दुकान चालते. घड्याळ चालते. सिनेमा २५ आठवडे चालतो. खटला चालतो. गावात कुणाचा हुकूम चालतो. संस्था चालवतात, घर चालवतात, मासिक चालवतात. यांतल्या प्रत्येक वाक्याच्या इंग्रजी रूपात ‘रन’ बसू शकतो. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी चालते. ‘चालणे’च्या मागे आपण एवढी कामे लावली आहेत की पायांनी चालणे हा त्यातला एक लहानसा कोपरा झाला आहे. ‘चालेल’ म्हणून संमती देण्याचा अर्थ तर ‘रन’लाही जमलेला नाही. मराठी माणसाला ‘रन’ची व्याप्ती समजावून सांगायची तर धावणाऱ्या मुलाचे चित्र बाजूला ठेवावे आणि ‘चालणे’पासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

वाहने मात्र मराठीतही धावतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली, असेच आपण लिहितो. मेगाब्लॉकच्या दिवशी लोकल उशिराने धावतात. आणखी काही जागी आपण ‘धाव’ विशेषणासारखी वापरतो. धावती भेट, धावता आढावा, सामन्याचे धावते वर्णन. यात घाई आहे, जाता जाता करण्याचा भाव आहे. ‘धावते वर्णन’ तर इंग्रजी ‘रनिंग कॉमेंटरी’चा नेमका जोडीदार आहे.

रस्ते आणि डोंगर ही आणखी एक तऱ्हा. इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्री उत्तर-दक्षिण ‘रन’ होतो. तो जागचा हलत नाही, हलते ती पाहणाऱ्याची नजर. मराठीत डोंगररांग पसरते, रस्ता नदीकाठाने जातो, कुंपण शेताच्या कडेने जाते. नजरेची ही हालचाल आपणही शब्दात पकडतो, पण तिच्यासाठी ‘जाणे’ निवडतो.

निवडणुकीची गोष्ट वेगळी आणि मजेची आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ होतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ होतो. एकीकडे धावणे, दुसरीकडे उभे राहणे. मराठी उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, म्हणजे त्याची चाल ब्रिटिश. तो निवडणूक लढवतोही, आणि तो शब्द युद्धाचा. अमेरिकी कल्पना शर्यतीची आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला तिथे ‘रनिंग मेट’ म्हणतात, आणि हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे. मुख्य घोड्याला वेग धरता यावा म्हणून त्याच तबेल्याचा जो दुसरा घोडा बरोबर पळवत, तो रनिंग मेट.

क्रिकेटमधला ‘रन’ आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की त्यातली गंमत दिसत नाही. अठराव्या शतकात गुणलेखक काठीवर खाच पाडून धावा मोजत, त्यामुळे धावेला खाच या अर्थाचा ‘नॉच’ हाच शब्द होता. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकले. दोन फलंदाजांनी धावून जागा बदलली की एक रन. पण चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा न हलता त्याच्या नावावर चार रन लागतात. पायांशी असलेले नाते सुटले आणि ‘रन’ हे मोजमाप झाले. मराठीने हा शब्द ‘धाव’ म्हणून घेतला आणि त्याचे घराणे उभे केले. धावबाद, धावगती, धावसंख्या, धावफलक. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगितले. तो काळ आठवणाऱ्यांना हे शब्द भाषांतरित वाटत नाहीत. माझ्या मते आधुनिक मराठीतल्या यशस्वी शब्दघडणीचा हा उत्तम नमुना आहे.

आता समानार्थी शब्दांकडे येऊ. आपल्या शालेय सवयीला इथे मुरड घालावी लागते. परीक्षेच्या पुस्तकात एका शब्दापुढे पाच-सहा शब्दांची रांग असते आणि मुले ती पाठ करतात. पण ‘रन’चे समानार्थी शब्द द्या, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या ‘रन’चे? नदीच्या बाबतीत त्याच्या जागी ‘फ्लो’ येईल, कंपनीच्या बाबतीत ‘मॅनेज’, यंत्राच्या बाबतीत ‘ऑपरेट’, कुंपणाच्या बाबतीत ‘एक्स्टेंड’, चोराच्या बाबतीत ‘फ्ली’. या पाच शब्दांचे आपसात काही नाते नाही. नदी ‘मॅनेज’ होऊन समुद्राला मिळत नाही आणि चोर ‘एक्स्टेंड’ होत नाही. समानार्थी शब्द असतात ते अर्थाचे. शब्दाचे नसतात.

पीटर मार्क रॉजे यांना हे पक्के उमजले होते. ते पेशाने डॉक्टर, रॉयल सोसायटीचे अनेक वर्षे सचिव. १८०५ मध्ये त्यांनी स्वतःच्या लेखनासाठी शब्दांची एक वही तयार केली आणि निवृत्तीनंतर, १८५२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी तिचा विस्तार ‘थिसॉरस’ म्हणून छापला. त्यात शब्द अकारविल्हे नव्हते, कल्पनांच्या सुमारे हजार गटांत लावलेले होते. गतीचे शब्द एकीकडे, व्यवस्थापनाचे दुसरीकडे. एकच ‘रन’ अनेक गटांत भेटतो. रॉजे यांनी आपल्या प्रस्तावनेच्या तळटीपेत संस्कृत अमरकोशाचा उल्लेख केला आहे, १८०८ मध्ये श्रीरामपूर येथे छापलेल्या कोलब्रूक यांच्या आवृत्तीच्या हवाल्याने. स्वर्ग, पाताळ, भूमी, वनौषधी असे वर्ग पाडून प्रत्येक वस्तूची नावे एकत्र देण्याची अमरसिंहाची रीत त्यांच्या ग्रंथाच्या कित्येक शतके आधीची. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी अमरकोश पाठ केला, म्हणजे विषयवार शब्द शिकण्याची पद्धत आपल्या घरातच होती.

एका अर्थाच्या आतही समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. पायांनी धावणे एवढाच अर्थ घ्या. ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरात सगळा जोर लावून धावणे, ‘जॉग’ म्हणजे दम सांभाळत संथ धावणे. घोडा बिथरून सुटतो तो ‘बोल्ट’. उंदराचे तुरुतुरु पळणे ‘स्करी’. संकटापासून पळ काढणे ‘फ्ली’, आणि कायद्याला चुकवून नाहीसे होणे ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’. मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही, कारण आपली भाषा इथे तोडीस तोड आहे. मूल दुडुदुडु धावते, घोडा दौडतो, बैल उधळतो, चोर पोबारा करतो, आरोपी फरार होतो. आरोपी उधळला असे कुणी लिहीत नाही. धावणे आणि पळणे या अगदी जवळच्या जोडीतही अंतर आहे. मदतीला माणूस धावतो, पळत नाही. लढाईतून पळतो, धावत नाही. ‘पळवाट’ आणि ‘पळपुटा’ यांत जो कमीपणा आहे त्याचा ‘धाव’च्या कुटुंबात मागमूस नाही.

चालवणे या अर्थाच्या ‘रन’मध्ये फरक पडतो तो थाटामाटाचा. ‘रन’ घरगुती, बोलण्यातला. ‘अ‍ॅडमिनिस्टर’ कचेरीतला. ‘ऑपरेट’ लॅटिनमधून आलेला, त्यात काम करण्याची भावना आहे, म्हणून तो यंत्राला शोभतो. ‘मॅनेज’ मुळात इटालियन. घोडा हाताळणे, त्याला शिकवणे हा त्याचा जुना अर्थ. अडचणीतून कसेबसे निभावण्याची जी छटा त्यात आजही आहे, ती त्या घोड्याकडून आली असावी असे मला वाटते. खानावळ चालवणाऱ्या बाईंविषयी इंग्रजीत लिहायचे तर ‘रन’च बरा. ‘अ‍ॅडमिनिस्टर’ लिहिले तर खानावळीचे सरकारी खाते होईल.

‘रन’ला लहान शब्द चिकटले की पुन्हा नवे अर्थ जन्मतात. ‘इन्टू’ लागला तर अचानक गाठ पडणे, ‘ओव्हर’ लागला तर चिरडणे, ‘आउट’ लागला तर संपणे. साखर संपली, पैसे संपले, वेळ संपला, सगळीकडे ‘रन आउट’. हे पाठ करताना मुले कंटाळतात. त्यांना आपल्याच ‘धावून येणे’ची आठवण करून द्यावी. धावून आला तो मदतीला, अंगावर धावून गेला तो मारायला. क्रियापद एकच, सोबतीचा शब्द बदलला की मित्राचा शत्रू होतो. म्हणून कोश उघडताना ‘रन’ खाली पहिली ओळ वाचून पान मिटू नये. आपल्या वाक्यात कर्ता कोण, कर्म आहे का आणि मागून कोणता शब्द आला आहे, हे पाहून मग अर्थ शोधावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ कालक्रमाने देतो, त्यामुळे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, कधी कधी वापरातून गेलेलाही. विद्यार्थ्यांच्या कोशात प्रचलित अर्थ आधी येतो. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना परभाषकांसाठी तयार केलेला आणि १९४२ मध्ये तिथेच छापलेला कोश या दुसऱ्या परंपरेच्या आरंभीचा. आपल्या शाळा-कॉलेजांत हाच वंश नांदतो.

इंग्रजीने लॅटिनमधूनही धावण्याचा शब्द उचलला आहे, आणि तो मराठी घरांत आपल्या नकळत वावरतो. लॅटिन ‘कुरेरे’ म्हणजे धावणे. त्यातून ‘कोर्स’, म्हणजे धाव किंवा धावेचा मार्ग. विजेचा ‘करंट’ म्हणजे वाहणारा. ‘कुरिअर’ म्हणजे धावत निरोप नेणारा. ‘कॉरिडॉर’ इटालियनमार्गे आलेला. संगणकाच्या पडद्यावरचा ‘कर्सर’ही धावणाराच. म्हणजे एखादी मुलगी कोर्सला प्रवेश घेते, तिचे प्रमाणपत्र कुरिअरने येते, तोवर घरातला करंट गेलेला असतो, आणि या तिन्ही ठिकाणी प्राचीन रोमचे तेच एक क्रियापद काम करत असते.

आणि खुद्द ‘रन’ मराठी बाजारात कोणत्या अर्थाने आला आहे, ते कोशापेक्षा कामावर गेल्यावर चांगले कळते. जुनी गाडी घेणारा विचारतो, रनिंग किती झालंय? त्याला किलोमीटर हवे असतात. रेल्वेत चालक आणि गार्ड हे ‘रनिंग स्टाफ’, आणि गाडी मुक्कामी पोचवल्यावर ते जिथे झोपतात ती ‘रनिंग रूम’. बांधकामाचा ठेकेदार काम पुरे होण्याआधी, झालेल्या कामापुरते ‘रनिंग बिल’ लावतो. सुतार किचनच्या ओट्याखालच्या कपाटांचा भाव ‘रनिंग फुटा’ने सांगतो, म्हणजे भिंतीलगत सरळ रेषेत मोजलेली लांबी, उंची-खोली त्यात धरलेली. सह्याद्री उत्तर-दक्षिण ‘रन’ होतो तो अर्थ इथे सुताराच्या टेपवर आला आहे. भाव ठरवताना चौरस फूट की रनिंग फूट, हे आधी विचारून घ्यावे. त्याच कपाटांचे दोन आकडे फार वेगळे निघतात.